एक न्हाणीघर, एक टेलिफोन

राजा लढाईवर निघाला की त्याच्यामागोमाग सारे राज्यही निघायचे, ही आपल्याकडची जुनी चाल. औरंगजेब बादशहा १६८१ साली दक्षिणेच्या मोहिमेवर निघाला तो पुन्हा दिल्लीला परतला नाही. १७०७ साली अहमदनगरला त्याने डोळे मिटले. मधली पंचवीस वर्षे हिंदुस्थानची राजधानी तंबूंत आणि कनातींत, हत्तींच्या आणि उंटांच्या पाठीवर हिंडत होती. फर्माने छावणीतून सुटत आणि जाबसाल छावणीत होत. मराठ्यांच्या घोड्यांनी त्या चालत्या राजधानीची काय दशा केली, ते मराठी वाचकाला सांगायला नको.

विसाव्या शतकात या तंबूंची जागा आगगाडीने घेतली. रशियात यादवी माजली तेव्हा ऑगस्ट १९१८ मध्ये ट्रॉट्स्कीने मॉस्कोहून एक गाडी सोडली. तिच्यात तारयंत्र होते, छापखाना होता, ग्रंथालय होते, मोटारी ठेवायला डबा होता आणि न्हाणीघरही होते. गाडीत छापून निघणाऱ्या वर्तमानपत्राचे नाव होते 'वाटेत'. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या खास गाडीला पुढे आणि मागे विमानविरोधी तोफांचे डबे जोडलेले असत. तिचे नाव 'अमेरिका', आणि अमेरिकेशी युद्ध जुंपल्यावरही ते काही काळ तसेच राहिले. १९४३ मध्ये कोणालातरी शहाणपण सुचले आणि ती 'ब्रँडेनबुर्ग' झाली. इंग्लंडात माँटगोमेरीच्या गाडीचे नाव 'रेपियर', म्हणजे किरच. आयझेनहॉवरच्या गाडीचे 'बायोनेट', म्हणजे संगीन. आयझेनहॉवर वापरीत असे ते दोन डबे आज अमेरिकेत ग्रीन बे गावच्या रेल्वे संग्रहालयात उभे आहेत.

विन्स्टन चर्चिल यांचीही अशी एक गाडी होती. महायुद्धातल्या सर्वांत मोठ्या स्वारीच्या आधीचे दिवस त्यांनी त्या गाडीत काढले, आणि तेही एका अशा स्टेशनात की ज्याचे नाव इंग्लंडातल्या माणसालाही नकाशावर शोधावे लागेल. त्या स्टेशनाचे नाव ड्रॉक्सफर्ड. लंडन मुक्कामी चार दिवस मोकळे मिळाले तेव्हा राजवाडे आणि पुतळे बाजूला ठेवून मी एक दिवस ड्रॉक्सफर्डला दिला.

ड्रॉक्सफर्डला आज आगगाडीने जाता येत नाही, ही त्यातली पहिली गंमत. वॉटर्लूहून निघालेली गाडी तुम्हाला फेअरहॅमपर्यंत पोचवते. तिथून बसने विकम नावाच्या टुमदार गावी जायचे आणि मग पायउतार व्हायचे. १९०३ साली ऑल्टन ते फेअरहॅम असा लोहमार्ग मीऑन नदीच्या खोऱ्यातून बांधला गेला. नदी म्हणायचे आपले इंग्लंडातले म्हणून; आपल्याकडे तिला ओढा म्हटले असते. पाणी मात्र असे नितळ की तळचा खडा अन् खडा मोजून घ्यावा. या मार्गावर प्रवासी कधीच फारसे झाले नाहीत. फेब्रुवारी १९५५ मध्ये उतारूंच्या गाड्या बंद पडल्या, पुढे काही वर्षे ड्रॉक्सफर्डपर्यंत मालगाड्या येत राहिल्या आणि १९६२ मध्ये त्याही थांबल्या. रूळ उखडले गेले. त्या जागी आता पायी चालणाऱ्यांची, सायकलवाल्यांची आणि घोडेस्वारांची वाट झाली आहे.

जूनचा पहिला आठवडा होता. विकमहून उत्तरेकडे चालू लागलो. रूळ गेले तरी रुळांची शिस्त वाटेने सोडलेली नाही. चढ कळत नाही आणि वळण जाणवत नाही. कधी दोन्ही अंगांना मातीच्या उंच दरडी येतात आणि आपण हिरव्या बोगद्यातून चाललो आहोत असे वाटते, तर कधी आपणच भरावावर चढतो आणि खाली गवताळ कुरणे, मेंढ्या आणि कौलारू घरे दिसतात. मध्येच एखादा विटांचा पूल डोक्यावरून जातो. त्याच्या कमानीच्या पोटाशी इंजिनाच्या धुराची काजळी अजून आहे की काय, म्हणून मी मान वर करून पाहिले. शेवाळ होते. रानगुलाब फुलले होते आणि कडेची खाजरी झुडपे अर्ध्या चड्डीतल्या सायकलवाल्यांची वाट पाहत उभी होती.

दीड-दोन तासांच्या चालीनंतर स्टेशन येते. त्याचे नाव ड्रॉक्सफर्ड असले तरी ते ड्रॉक्सफर्ड गावात नाही. गाव नदीच्या पलीकडे आणि स्टेशन अलीकडे. आपल्याकडेही अशी स्टेशने पुष्कळ आहेत, जिथे उतरून टांगेवाल्याशी घासाघीस केल्याशिवाय गाव दिसत नसे. स्टेशनाची इमारत आता कोणाचे तरी खाजगी घर आहे. परक्याच्या घरात डोकावू नये म्हणून मी रस्त्यावरूनच पाहिले. लाल विटांचे, नेटके, उतरत्या छपराचे घर. शेजारी मोठाली झाडे. इतिहास घडण्यासाठी जी काही भव्यता लागते असे आपण समजतो, तिच्यातले काही म्हणजे काहीच तिथे नाही.

आणि म्हणूनच ही जागा निवडली असावी, हे तिथे उभे राहिल्यावर ध्यानात येते. आडबाजूचा मार्ग, विरळ रहदारी, वरून पाहणाऱ्या विमानाला झाकून टाकणारी झाडी. पोर्टस्मथचे बंदर दहा-बारा मैलांवर. आयझेनहॉवरचा मुक्काम होता तो साउथविक येथील वाडा मोटारीने अर्ध्या तासाच्या आत. २ जून १९४४ रोजी, शुक्रवारी, चर्चिल लंडनहून निघाले आणि त्यांची गाडी इथे बाजूच्या रुळांवर येऊन उभी राहिली. बरोबर दक्षिण आफ्रिकेचे फील्डमार्शल स्मट्स, मजूरमंत्री अर्नेस्ट बेव्हिन आणि चर्चिल यांचे लष्करी कारभारी जनरल इस्मे अशी मंडळी होती. परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन मागाहून येऊन मिळाले.

चर्चिल इथे आले ते खरे म्हणजे नाइलाजाने. त्यांच्या मनात नॉर्मंडीलाच जायचे होते. 'बेलफास्ट' नावाच्या युद्धनौकेवर चढायचे आणि पहिल्या दिवशी तोफा सुटताना हजर राहायचे, असा त्यांचा बेत ठरला होता. वय वर्षे ६९. सेनापतींनी नको म्हटले, तर चर्चिल ऐकेनात. शेवटी राजे सहावे जॉर्ज यांनी मन घातले. त्यात मौज अशी की, राजेसाहेबांनाही आधी जावेसे वाटले होते. दोघांनी मिळून जायचे, असे जेवणाच्या टेबलावर जवळजवळ ठरूनही गेले होते. राजेसाहेब विचार करून मागे फिरले, प्रधानसाहेब फिरेनात. तेव्हा २ जूनला राजाने पुन्हा पत्र लिहिले. त्याचा मुद्दा बिनतोड होता: मी तुमच्यापेक्षा वयाने लहान, मी आरमारात वाढलेला, सैन्याचा मुख्यही मीच, मला घरी बसायला सांगता आणि मी जे करायला हवे ते तुम्ही करायला निघता, हे न्यायाचे कसे? दुसऱ्या दिवशी चर्चिल यांनी उत्तर पाठवले आणि राजाज्ञा मानली. मनाविरुद्ध मानली, हेही त्यांनी लपवले नाही.

ती 'बेलफास्ट' आज लंडनमध्ये थेम्स नदीत टॉवर ब्रिजच्या जवळ नांगरून ठेवली आहे. १९७१ पासून तिचे संग्रहालय झाले. तिकीट काढले की कोणीही चढू शकतो. मीही चढलो. चर्चिल यांच्या हट्टाचे वजन ती जागा पाहिल्यावर कळते. लोखंडी जिने इतके उभे आणि अरुंद आहेत की धडधाकट माणसानेही दोन्ही हातांनी कठडा धरावा.

जहाज हुकले म्हणून गाडी. समुद्रापर्यंत नाही, तर निदान समुद्राच्या जवळ. आता ही गाडी म्हणजे चाकांवरचे मंत्रालयच. बसायला दिवाणखाना, जेवायला डबा, झोपायला खोल्या, कारकून, टंकलेखक. गाडी जिथे थांबेल तिथे टेलिफोनची तार जोडून घ्यायची की झाले. कागदावर योजना नामी होती. प्रत्यक्षात काय झाले ते ईडनसाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. गाडीत न्हाणीघर एकच होते आणि ते चर्चिल यांच्या खोलीला लागून. टेलिफोनही एकच होता आणि तो इस्मे यांच्या खोलीशेजारी. चर्चिल सदा न्हाणीघरात आणि इस्मे सदा टेलिफोनवर. त्यामुळे लढाईच्या जवळ येऊनही काम म्हणून काही उरकेना, अशी त्यांची तक्रार. परराष्ट्रमंत्र्याला टॉवेल खांद्यावर टाकून रांगेत उभे राहावे लागावे, हे चित्र आपल्याकडच्या चाळीत राहिलेल्या माणसाला अगदी ओळखीचे वाटेल.

३ जूनला, शनिवारी, चर्चिल, स्मट्स आणि बेव्हिन बंदरांकडे गेले आणि बोटींवर चढणारे सैनिक त्यांनी पाहिले. त्या वेळची एक गोष्ट बेव्हिन यांनी पुढे पार्लमेंटात सांगितली. हा गृहस्थ शेतमजुरीपासून वर आलेला, गाडीवान आणि गोदी कामगारांचा पुढारी. सैनिक त्याला पाळण्यातल्या नावाने हाक मारीत. बोटीकडे चाललेल्या पोरांतून आवाज आला: "एर्नी, हे काम उरकून परत आलो की पुन्हा बेकारीच्या भत्त्यावर ना?" मरायला निघालेल्या माणसाच्या तोंडून हा प्रश्न निघाला. त्याला जर्मन तोफेची भीती होती तितकीच गावातल्या बंद पडलेल्या कारखान्याची. बेव्हिन यांच्या मनाला तो लागला. पुढच्या वर्षी, जुलै १९४५ मध्ये, निवडणुकीचे निकाल लागले तेव्हा चर्चिल घरी गेले आणि बेव्हिन परराष्ट्रमंत्री झाले. त्या निकालाची पहिली कुजबुज ज्यांना ऐकू आली, त्यांत या गाडीतले दोन उतारू होते, असे म्हणायला हरकत नाही.

४ जूनला जनरल द गॉल यांना अल्जीयर्सहून बोलावून आणले होते. त्यांच्याच देशावर स्वारी व्हायची आणि तिचा दिवस त्यांना इतक्या उशिरा सांगायचा, ही कामगिरी नाजूक होती. चर्चिल रुळांच्या कडेने हात पसरून सामोरे गेले. त्यांना इतिहासाची नाटकी बाजू फार प्रिय. द गॉल उंचच उंच, ताठ आणि मिठ्या मारण्याच्या मनःस्थितीत मुळीच नव्हते. आगगाडीत बोलावणे ही कल्पनाच त्यांना विचित्र वाटली. जेवणानंतर वाद पेटला. मुक्त झालेल्या फ्रान्सचा कारभार पाहणार कोण? अमेरिकेने त्यासाठी परस्पर नोटा छापल्या होत्या. त्या कोणाच्या नावावर? चर्चिल संतापून म्हणाले ते असे: युरोप आणि खुला समुद्र यांतून निवड करायची वेळ आली, तर आम्ही समुद्रच निवडू, तुम्ही आणि रूझवेल्ट यांतून निवडायचे झाले, तर मी रूझवेल्टच निवडीन. ईडन यांचा चेहरा उतरला. बेव्हिन यांनी तर, हे आपले मत नव्हे, असे सांगून टाकले.

रागाच्या भरात बोललेले शब्द वाऱ्यावर जातात म्हणतात. हे गेले नाहीत. द गॉल यांनी ते आपल्या आठवणींत लिहून ठेवले. ब्रिटनने दोनदा युरोपच्या सामायिक बाजारपेठेचे दार ठोठावले, तेव्हा दाराशी फ्रान्सचे अध्यक्ष म्हणून द गॉल उभे होते आणि जानेवारी १९६३ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर १९६७ मध्ये, दोन्ही वेळा त्यांनी 'नाही' म्हटले. ब्रिटनची ओढ अमेरिकेकडे आहे, हेच त्यांचे म्हणणे होते.

आणि स्वारीचा निर्णय? तो या गाडीत झालाच नाही. तो साउथविकच्या वाड्यात झाला आणि तो घ्यायला भाग पाडले ते एका हवामानशास्त्रज्ञाने. जेम्स स्टॅग नावाच्या या स्कॉटिश माणसाने ४ जूनच्या पहाटे सांगितले की, ५ तारखेला वादळ आहे. आयझेनहॉवरने स्वारी एक दिवस पुढे ढकलली. चर्चिल त्या रात्री गाडीत झोपायला गेले होते. आपल्या हाती काही नाही, तेव्हा निकाल सांगायला मला उठवू नका, असे सांगून गेले होते. ४ जूनच्या रात्री साडेनऊच्या सुमारास स्टॅगने सांगितले की, वादळात एक छोटी फट पडेल आणि ६ तारखेला हवा जरा उघडेल. ५ जूनच्या पहाटे आयझेनहॉवरने 'जाऊ या' म्हटले. सात हजारांच्या आसपास जहाजे आणि होड्या निघाल्या. ६ तारखेला दीड लाखांवर सैनिक फ्रान्सच्या भूमीवर उतरले. तोवर चर्चिल लंडनला परतले होते. ५ जूनच्या रात्री पत्नीला ते म्हणाले होते की, उद्या सकाळी तू उठशील तोवर कदाचित वीस हजार माणसे मेलेली असतील. सुदैवाने त्या दिवशी दोस्त सैन्याचे प्राण गेले ते साडेचार हजारांच्या आसपास.

स्टेशनाजवळच्या पुलाच्या कठड्याशी मी असा टिपणे काढीत उभा होतो. एक वयस्क गृहस्थ कुत्र्याला फिरवीत आले. इंग्रज माणूस परक्याशी हवेवरून बोलणे सुरू करतो, तसे त्यांनी केले आणि मग विचारले, "गाडी पाहायला आलात?"

मी म्हणालो, "गाडी नाही, हे ठाऊक आहे. जागा पाहायला आलो."

"भारतातून?"

"भारतातून. मुंबईहून."

ते हसले. "माझे वडील सहा तारखेला तिकडे उतरले होते. चर्चिलवर त्यांची फार भक्ती. तुमच्याकडे लोक त्यांना कसे आठवतात?"

प्रश्न सरळ होता. उत्तर गोड करून देता आले असते, पण त्या जागी ते बरे दिसले नसते. मी सांगितले की, १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला आणि त्यात तीस लाखांच्या घरात माणसे दगावली असे मानतात. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला होता, ऑक्टोबर १९४२ मध्ये वादळाने किनारा झोडपला होता, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारनेच होड्या काढून घेतल्या होत्या आणि भाव गगनाला भिडले होते. दोष कोणाचा किती, यावर इतिहासकार भांडतात. पण धान्यासाठी जहाजे द्या म्हणून दिल्लीहून लंडनला विनवण्या जात होत्या आणि चर्चिल यांच्या युद्धमंत्रिमंडळाने त्या पुन्हा पुन्हा नाकारल्या किंवा तोकड्या केल्या, हे कागदोपत्री आहे. न्यायाने हेही मी सांगितले की, २९ एप्रिल १९४४ रोजी चर्चिल यांनी स्वतः रूझवेल्ट यांना तार करून ऑस्ट्रेलियातला गहू हिंदुस्थानात न्यायला जहाजे मागितली होती. रूझवेल्ट यांचा नकार आला १ जूनला. लढाईच्या कामातून जहाजे काढता येत नाहीत, असे कारण होते. दुसऱ्याच दिवशी चर्चिल ड्रॉक्सफर्डला यायला गाडीत बसले.

गृहस्थ पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शाळेत आम्हाला हे कोणी सांगितले नाही." कुत्र्याची साखळी हाताला गुंडाळीत त्यांनी पुढे भर घातली, "वडिलांची भक्ती खरी, पण पंचेचाळीस साली त्यांनी मत दिले ते मजूर पक्षाला."

ते गेल्यावर मी परतीची वाट धरली. मनात मात्र त्या गाडीतल्या उतारूंचीच यादी घोळत होती. स्मट्स यांचे नाव त्यात आहे, हे विसरता येत नव्हते. दक्षिण आफ्रिकेत त्यांनीच गांधीजींना तुरुंगात टाकले होते. त्या तुरुंगात गांधीजींनी स्वतःच्या हातांनी वहाणा शिवल्या आणि १९१४ साली तो देश सोडताना स्मट्स यांना भेट दिल्या. स्मट्स यांनी कित्येक उन्हाळे त्या वापरल्या आणि १९३९ मध्ये गांधीजींना सत्तर वर्षे झाली तेव्हा त्या परत पाठवल्या. एवढ्या थोर माणसाच्या वहाणांत उभे राहण्याची आपली योग्यता नाही, अशा अर्थाचे त्यांनी तेव्हा लिहिले. जून १९४४ च्या त्या आठवड्यात वहाणांचा तो कारागीर जुहूच्या समुद्रकाठी आजारातून उठत होता. पुण्याच्या आगाखान महालात महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांना गमावून महिन्यापूर्वीच, ६ मे रोजी, तो सुटला होता. इकडे इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ चर्चिल आणि तिकडे मुंबईच्या किनाऱ्यावर गांधीजी. आणि त्यानंतर महिन्याभरात, जुलैच्या आरंभी, व्हॉइसरॉय वेव्हेल यांनी आपल्या रोजनिशीत नोंद केली की, गांधी अजून मेले कसे नाहीत, असे विचारणारी चिडकी तार चर्चिल यांच्याकडून आली आहे.

एकाच माणसाची ही दोन रूपे जुळवायची कशी? वीस हजार पोरांच्या विचाराने ज्याला झोप येत नाही, तो लाखो भुकेल्यांपुढे इतका कोरडा कसा राहतो? त्याला राक्षस म्हणून हात झटकणे सोपे आहे आणि महापुरुष म्हणून डोळे मिटणे त्याहूनही सोपे. मला त्या बंद पडलेल्या मार्गावरून चालताना एक साधीच गोष्ट सुचली. चर्चिल यांना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चैन पडत नसे. जे पाहिले ते त्यांचे झाले. १९४२ मध्ये ते कैरोला आणि मॉस्कोला गेले, १९४३ मध्ये तेहरानला गेले. स्वारीनंतर सहाव्या दिवशी, १२ जूनला, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेच. मार्च १९४५ मध्ये त्यांनी ऱ्हाइन ओलांडली. हिंदुस्थानात मात्र ते १८९६ साली एकवीस वर्षांचे घोडदळातले अधिकारी म्हणून आले होते. मुंबईच्या ससून डॉकवर उतरताना लोखंडी कडी धरली आणि होडी हेलकावली, त्यात त्यांचा खांदा निखळला आणि ते दुखणे जन्माचे मागे लागले. १८९९ नंतर त्यांनी या देशात पुन्हा पाऊल टाकले नाही. त्यांच्या मनातला हिंदुस्थान त्या सालीच थांबलेला होता. पोलोची मैदाने, छावण्या, नोकरचाकर; त्यात कलकत्त्याच्या फुटपाथवरचे सांगाडे कुठून दिसणार? वेव्हेल व्हॉइसरॉय म्हणून आले तेव्हा आठवड्याभरात स्वतः कलकत्त्याला गेले आणि धान्य पोचवायला त्यांनी लष्कर लावले. फार मोठ्या बुद्धीचे ते काम नव्हते. ते जाऊन पाहून आले होते, इतकेच.

आणि ज्यांना कोणी पाहायला गेले नाही, त्यांचीच मुले त्या युद्धात लढत होती, हेही इथे सांगायला हवे. ४ जूनला, द गॉल यांच्याशी भांडण चालले होते त्याच दिवशी, दोस्त सैन्याने रोम घेतले. इटलीतल्या त्या सैन्यात मराठा पलटणी होत्या. पाच आठवड्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, वरच्या टायबर नदीच्या खोऱ्यात कुलाबा जिल्ह्यातला, म्हणजे आजच्या रायगडातला, बावीस वर्षांचा यशवंत घाडगे शत्रूच्या मशीनगनवर एकटा धावून गेला, ती त्याने बंद पाडली आणि तिथेच तो पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्याचे स्मारक आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाताना कितीजण थांबतात कोण जाणे. ड्रॉक्सफर्डला जाणाऱ्यांनी एकदा माणगावलाही थांबावे, असे मला वाटते.

सत्तेच्या माणसाला जवळ जावेसे वाटते, ही त्याच्यातली चांगलीच बाजू म्हटली पाहिजे. पण जवळ जायला नुसती गाडी पुरत नाही. रुळावर न्हाणीघर आणि टेलिफोन घेऊन बसलेला पंतप्रधान लढाईपासून दूर होता आणि निर्णयापासूनही दूरच. त्याच काळात एक माणूस तिसऱ्या वर्गाच्या डब्यात बसून सारा देश हिंडत असे. त्याचे कार्यालयही आगगाडीतच असे, आणि प्रत्येक स्टेशनावर खिडकीतून आत येणारे हात हाच त्याचा टेलिफोन. त्यालाही सारे दिसले असे नाही. पण उपाशी माणूस कसा दिसतो हे त्याला कोणी तारेने कळवायची गरज पडली नाही.

चर्चिल यांचा शेवटचा प्रवासही आगगाडीनेच झाला. ३० जानेवारी १९६५ रोजी वॉटर्लूहून त्यांची शवपेटी घेऊन गाडी निघाली. पुढे जोडलेल्या इंजिनाचे नावही 'विन्स्टन चर्चिल' असेच होते. रुळांच्या दुतर्फा माणसे टोप्या काढून उभी होती. ड्रॉक्सफर्डचा मार्ग तेव्हा आधीच मेलेला होता. आज त्यावरून शाळेतली पोरे सायकली हाणीत जातात आणि संध्याकाळी पाहावे तर चिखलात घोड्यांच्या टापांचे ठसे उमटलेले असतात. दरडीवरच्या झाडांनी वरून फांद्या जुळवल्या आहेत. वाट आजही कुठेच चढत नाही, त्यामुळे विकमला परत येताना दमायला होत नाही.